गाडीत माणूस आहे

मंगळवारी दुपारी पावणेएक वाजता शर्वरीला तिचं नेहमीचं काम मिळालं. गाडीत बसायचं काम.

"दोन मिनिटांत येते," आई म्हणाली. तिने गाडी डायलिसिस केंद्राच्या फाटकाशेजारी पिवळ्या पट्ट्यावरच उभी केली, चारही इंडिकेटर चालू केले आणि पर्स खांद्याला अडकवली. "कोणी आलं तर काय सांगायचं?"

"गाडीत माणूस आहे."

"शाबास." आई पळत आत गेली. पळत म्हणजे पहाटे पाचच्या पाळीला डेअरीच्या प्रयोगशाळेत उभं राहून आल्यावर जेवढं पळता येतं तेवढं.

मे महिना होता. एसी लावला तर परतीच्या वाटेवर बॅटरी संपायची, म्हणून काचा खाली होत्या. इंडिकेटर टिक-टिक, टिक-टिक करत होते. शर्वरीचे अप्पा, म्हणजे आईचे वडील, दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी इथे डायलिसिससाठी यायचे. (मूत्रपिंडं नीट काम करेनाशी झाली की रक्त यंत्रातून फिरवून त्यातला कचरा आणि जास्तीचं पाणी काढून टाकतात, त्याला डायलिसिस म्हणतात.) चार तास ते यंत्र चाले. सुट्टी लागल्यापासून शर्वरीही येत होती आणि 'गाडीतलं माणूस' झाली होती.

फाटकासमोर रुग्णांना उतरवण्या-चढवण्यासाठी रस्त्यावर पांढऱ्या चौकटी आखल्या होत्या. चार चौकटी. चारही भरलेल्या. त्यातली एखादी रिकामी असल्याचं शर्वरीने आजवर पाहिलं नव्हतं, आणि आज बसल्या बसल्या तिला त्याचंच नवल वाटायला लागलं. अप्पा केवढे थकलेले असतात, तरी त्यांना गाडीत बसायला दोन मिनिटं पुरतात. मग या गाड्या इथे करतात काय?

तेवढ्यात कडेच्या लोखंडी रुळावरून घरंगळत पिवळ्या आला.

पिवळ्या म्हणजे शहराचा रस्त्यावरचा पहारेकरी यंत्रमानव. खरं नाव पहारेकरी क्रमांक एकेचाळीस. उंचीला शर्वरीएवढा, रंगाने पिवळा, डोक्यावर एकच डोळा. दिवसभर तेच वाक्य बोलून बोलून त्याचा आवाज घोगरा झाल्यासारखा वाटायचा.

"गाडी पुढे घ्या. चाळीस सेकंद झाले. नव्वद सेकंदांनंतर नोंद होईल."

"गाडीत माणूस आहे!" शर्वरी म्हणाली.

पिवळ्याचा डोळा खिडकीपर्यंत खाली आला. "दिसतंय. वय अंदाजे दहा."

"अकरा."

"दुरुस्ती केली. तुला गाडी चालवता येते?"

"नाही."

"मग गाडीत माणूस नाही."

"मग मी काय भोपळा आहे?"

"तू माणूसच आहेस," पिवळ्या शांतपणे म्हणाला. "पण नियमाला हवं असलेलं माणूस नाहीस. मागून रुग्णवाहिका आली, तर गाडी बाजूला घेईल असं कोणीतरी आत हवं. इंडिकेटर लावल्याने गाडी बाजूला होत नाही. मागच्याला ती फक्त जास्त चांगली दिसते. पासष्ट सेकंद."

शर्वरीने केंद्राच्या दाराकडे पाहिलं. आईच्या नावावर आधीच दोन नोंदी होत्या, एक जानेवारीतली आणि एक मार्चमधली. दंड भरून झाला होता, पण मार्चमध्ये आलेलं पत्र अजून फ्रिजवर चिकटवलेलं होतं. वर्षात तिसरी नोंद झाली तर गाडी चालवण्याचा परवाना तीन महिने बंद. घरात गाडी चालवणारी आई एकटीच. बिनचालकाच्या टॅक्सी शहरात भरपूर होत्या, पण त्या रिकामी चौकट मिळाल्याशिवाय थांबतच नसत. मागे एकदा अशी टॅक्सी अप्पांना आणायला गेली आणि पाऊण तास केंद्राभोवती गोल गोल फिरत राहिली. अप्पा फाटकातच चक्कर येऊन बसले होते.

"ऐंशी सेकंद."

आई आली. एकटीच. "अजून पट्टी दाबून बसलेत. रक्त थांबलं नाहीये," असं म्हणत तिने गाडी सुरू केली.

मग फेऱ्या सुरू झाल्या. केंद्राला वळसा घालून पुन्हा फाटकापाशी यायला सात मिनिटं लागायची. पहिल्या फेरीला अप्पा दिसले नाहीत. दुसऱ्या फेरीला दिसले. चाकाच्या खुर्चीत, टोपी डोळ्यांवर ओढून, उन्हात. पण मागची गाडी भोंगा वाजवत होती आणि थांबायला जागा नव्हती. अप्पांनी हात वर केला. आई पुढे गेली.

"आई, अप्पा!"

"दिसले मला."

तिसऱ्या फेरीला आईने पिवळ्या पट्ट्यावर गाडी घातली आणि अप्पांना इतक्या घाईने आत घेतलं की त्यांचा गुडघा दाराला आपटला. सत्तर सेकंद. नोंद नाही.

संध्याकाळी अप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. डायलिसिसच्या दिवशी ते फार बोलायचे नाहीत, आणि आई त्यांना बोलूही द्यायची नाही. पण आई स्वयंपाकघरात होती आणि शर्वरीला राहवत नव्हतं.

"अप्पा, तुमच्या तिथे यंत्रं किती?"

"चोवीस. का गं?"

"सगळ्यांचं एकदम संपतं?"

"एकदम कसं संपेल? सकाळी सिस्टर एकेकाला सुया लावत पुढे जातात. एकाचं करून दुसऱ्याकडे जायला दोनेक मिनिटं. त्यामुळे संपतंही दोन-दोन मिनिटांनी."

"म्हणजे दर दोन मिनिटांनी एक गाडी येणार. आणि माणसाला गाडीत बसायला दोन मिनिटं. म्हणजे एक गेली की दुसरी येणार. मग खरं तर एकच चौकट पुरायला हवी. चार कशा काय भरतात?"

अप्पांनी डोळे उघडले. ते तीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात शास्त्रज्ञ होते. प्रश्न नीट विचारला की त्यांना जरा तरतरी यायची.

"समज," ते म्हणाले, "आपल्याकडे रोज एक नवा पाहुणा येतो."

"आई घर सोडून जाईल."

"जाऊ दे तिला, तेवढाच आराम. तर, प्रत्येक पाहुणा एक रात्र राहतो. गाद्या किती लागतील?"

"एक."

"प्रत्येक जण तीन रात्री राहिला तर?"

शर्वरी बोटं मोजू लागली. सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा. गुरुवारचा येईल तेव्हा सोमवारचा जाईल. "तीन."

"आणि दहा रात्री राहिला तर?"

"दहा! बाप रे. पण पाहुणा तर रोज एकच येतोय."

"हं. पाहुणे वाढलेले नाहीत. मग काय वाढलं?"

"राहणं."

"मुक्काम." अप्पांनी उशी सरळ केली. "आमच्या केंद्रात नदीचं गढूळ पाणी यायचं. गाळ खाली बसावा म्हणून ते टाकीत शांत ठेवायचं. तासाला दहा लाख लिटर येणार आणि तीन तास थांबणार. टाकी केवढी हवी?"

"तीस लाख लिटरची."

"बघ. पाहुणे असोत नाहीतर पाणी, हिशोब एकच." त्यांनी तिच्या वहीत थरथरत्या अक्षरात लिहिलं:

साठा = आवक × मुक्काम

"आवक, म्हणजे ठरावीक वेळात किती जण येतात. मुक्काम, म्हणजे एकेक जण किती वेळ थांबतो. आणि साठा, म्हणजे एखाद्या क्षणी आत किती जण असतात. मात्र हे सगळं सरासरीने बरं का. (सरासरी म्हणजे सगळ्यांची बेरीज करून सगळ्यांत सारखी वाटली तर एकेकाच्या वाट्याला येईल तेवढं.) एखाद्या दिवशी दोन पाहुणे बरोबर टपकतात. म्हणून हिशोबाने तीन गाद्या येत असतील तर घरात चार ठेवाव्यात."

शर्वरीने स्वयंपाकघरातून चार वाट्या आणि मूठभर चिंचोके आणले. वाट्या म्हणजे चौकटी, चिंचोके म्हणजे गाड्या. दोन आकडे मोजले की एक चिंचोका येणार. प्रत्येक चिंचोका चार आकडे थांबला, तेव्हा दोनच वाट्या भरलेल्या राहिल्या. आठ आकडे थांबला तर चारही भरल्या. मग तिने मुक्काम दहा आकड्यांचा केला आणि पाचवा चिंचोका हातातच राहिला. तो ठेवायला वाटी नव्हती.

"हा फेऱ्या मारणार," ती म्हणाली.

"किंवा पट्ट्यावर उभा राहणार."

"पण अप्पा, माझ्या हिशोबाने एक चौकट पुरते आणि डोळ्यांना चार भरलेल्या दिसतात. म्हणजे हे गणित चुकलं?"

"गणित नाही चुकलं. तू घातलेल्या दोन आकड्यांपैकी एक चुकलाय. कुठला, ते पलंगावर बसून कळायचं नाही. मोजावं लागेल."

त्यांनी उशाशी ठेवलेल्या लहान वाटीतून एक घोट पाणी घेतलं आणि वाटी पुन्हा झाकली. दिवसाला त्यांना अशा तीनच वाट्या पाणी चालायचं. सगळ्या शहराला तीस वर्षं पाणी देणारा माणूस असा घोटाघोटाने पाणी पिताना शर्वरीला बघवत नसे.

"माझंही तेच आहे," अप्पा तिच्याकडे बघून म्हणाले. "आत आलेलं पाणी बाहेर जायचं विसरतं. मुक्काम वाढला की साठा वाढतो. मग पाय सुजतात, दम लागतो. म्हणून आवक कमी." आणि त्यांनी डोळे मिटले.

गुरुवारी आईने ठरवलं की आज फेऱ्या मारायच्याच नाहीत. डेअरीतून आली तशी ती शर्वरीला घेऊन थेट निघाली आणि बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, फोन यायच्या आधीच, केंद्रापाशी हजर झाली. केंद्रातून 'उपचार पूर्ण झाले, रुग्णाला घ्यायला या' असा फोन आला की नातेवाईक निघायचे. आईने त्याची वाटच पाहिली नाही. एक चौकट रिकामी होत असताना तिने चपळाईने गाडी आत घातली. चौकटीत रुग्णाच्या गाडीला पंचवीस मिनिटं थांबायची मुभा होती.

"जमलं," म्हणत आईने सीट मागे केली आणि डोळे मिटले.

शर्वरी वही घेऊन खाली उतरली. पिवळ्या रुळावर उभा होता.

"पिवळ्या, इथे किती गाड्या येतात ते तू मोजतोस?"

"मोजतो. आल्याची वेळ, गेल्याची वेळ."

"मग कोणाला सांगतोस?"

"फक्त नोंद झाली तर वर कळवतो. बाकीचं कोणी विचारलं नाही."

"मी विचारते. आठवड्याभराचं सांग. गाड्यांचे नंबर नको, नुसती सरासरी."

पिवळ्याने डोळा एकदा गोल फिरवला. "या पाळीत दर दोन मिनिटांनी एक गाडी. एका गाडीच्या थांबण्याचा वेळ वीस मिनिटं. फेऱ्या धरून."

"वीस?"

"वीस."

शर्वरीने वहीत लिहिलं. दोन मिनिटांना एक, म्हणजे मिनिटाला अर्धी गाडी. अर्धी गुणिले वीस. दहा. एका वेळी दहा गाड्या, आणि चौकटी चार. उरलेल्या सहा पट्ट्यावर नाहीतर फेऱ्या मारत. मंगळवारी त्या सहांतली एक त्यांची होती.

"आणि त्या वीस मिनिटांत माणूस गाडीत चढतो किती वेळ?"

"दोन ते तीन मिनिटं."

"मग बाकीची सतरा मिनिटं सगळे करतात काय?"

"बसतात. वर जाऊन बघून येतात. पुन्हा बसतात. माझ्यावर ओरडतात."

मागे एक करडी गाडी पट्ट्यावर येऊन थांबली. आत एक आजोबा होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांनी काचेतून डोकं बाहेर काढलं.

"बाळ, तुमची गाडी कधी निघेल? माझी बायको खाली येतेय. तिला जास्त चालवत नाही."

शर्वरीने आईकडे पाहिलं. मघाशी केंद्राचा फोन येऊन गेल्यावर आईचा डोळा पुन्हा लागला होता. अप्पा अजून खाली आले नव्हते. "अजून... थोडा वेळ आहे," ती म्हणाली.

पिवळ्या मागे घरंगळत गेला. चाळीस सेकंद. पासष्ट. ऐंशी. आजोबा फाटकाकडे बघत राहिले. एक अशक्त बाई परिचराचा हात धरून पायऱ्या उतरत होत्या. आणखी सहा पायऱ्या राहिल्या होत्या.

"नव्वद सेकंद. नोंद झाली."

आजोबांनी दार उघडलं. खाली उतरले, बायकोला आत बसवलं, तिचा पदर दारात अडकणार नाही असा आत घेतला आणि निघून गेले.

पिवळ्या परत आला तेव्हा शर्वरीने हळू आवाजात विचारलं, "आत्ता सगळ्यात जास्त वेळ थांबलेली गाडी कुठली?"

"तुमची. बावीस मिनिटं."

तिने वही मिटली. दंड चुकवायला आपण लवकर आलो. लवकर आलो म्हणून जास्त थांबलो. जास्त थांबलो म्हणून ती नोंद त्या आजोबांना झाली. आणि आता पुढच्या वेळी तेही लवकर येतील.

एक वाजायला दहा मिनिटं असताना अप्पा आले. गाडीत बसायला त्यांना दोन मिनिटं आणि दहा सेकंद लागली. मुभेच्या वेळेत एक मिनिटही उरलेलं नव्हतं. शर्वरीने त्यांना सगळं सांगितलं, करड्या गाडीसकट. आरशात आईचा चेहरा दिसत होता. तो ऐकता ऐकता उतरत गेला.

"मला झोप लागली," आई म्हणाली. "मी त्यांना बघितलंसुद्धा नाही."

"तुझा फोन किती वाजता वाजला?" अप्पांनी विचारलं.

"बारा पस्तीसला. नेहमीसारखा."

"थांब जरा." अप्पा पुढे झुकले. "बारा पस्तीसला माझं यंत्र वाजलं. म्हणजे यंत्र थांबतं आणि तेच तुला फोन लावतं. तेव्हा माझ्या हातात दोन्ही सुया असतात गं! मग सिस्टर सुया काढणार. बोळा दाबून दहा मिनिटं बसायचं, रक्त थांबेपर्यंत. मग बसून रक्तदाब, उभं राहून रक्तदाब. शेवटी वजनकाटा. मग लिफ्ट."

आईने गाडी बाजूच्या गल्लीत घेतली, रिकाम्या जागी नीट उभी केली आणि मागे वळली. "म्हणजे दोन वर्षं मी सुया लागलेल्या माणसाला न्यायला धावत येतेय?"

"मीही दोन वर्षं तो 'टुंग' ऐकतोय. तीस वर्षं मुक्काम मोजले मी, पण खुर्चीत बसलं की माणूस फक्त सुटकेची वाट बघतो."

"आणि मला वाटायचं तुम्ही वर गप्पा मारत बसता."

"रक्तदाब मोजताना कसल्या गप्पा?"

आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून हसू जरा वाकडंच आलं.

शनिवारी आईला सुट्टी होती. सकाळी अप्पांना सोडायला गेल्यावर शर्वरी वही घेऊन वर गेली. रूथ सिस्टर सगळ्यांत मोठ्या सिस्टर होत्या. त्या एकीकडे नळ्या जोडत होत्या आणि एकीकडे ऐकत होत्या.

"फोन यंत्र थांबल्याबरोबर जावा हे मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पूर्वी पेशंट खाली जाऊन ताटकळायचे. बघवायचं नाही मला. म्हटलं, घरच्यांना लवकर कळू दे."

"पण सगळे लवकर येतात आणि मग जागाच राहत नाही. त्यामुळे अप्पा उन्हात ताटकळले." शर्वरीने वहीचं पान पुढे केलं. "चौकटी वाढवता येणार नाहीत, पुढे लगेच चौक आहे. पेशंट कमी करता येणार नाहीत. मग तिसरंच उरतं. मुक्काम."

रूथ सिस्टरांनी पान वाचलं. मग अप्पांकडे पाहिलं. "काका, हे तुम्ही शिकवलंत?"

"गाद्या मी शिकवल्या. मोजलं तिने."

"आणि फोन मी कधी लावायचा? प्रत्येकाच्या मागे फिरायला मला वेळ कुठे आहे? दोघी जणी रजेवर आहेत."

"तुम्ही लावूच नका," अप्पा म्हणाले. "आम्ही सगळे शेवटी वजनकाट्यावर उभे राहतो. काटा आमचं वजन संगणकाला कळवतोच की. फोन यंत्राऐवजी काट्याने लावायचा. काट्यावर पाय ठेवला, की घरच्यांना फोन."

सिस्टरांनी हातातली नळी जोडून टाकली. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या आणि परत आल्या. "आजच्या पाळीपुरतं बघू म्हणाले. सगळ्यांना निरोप पाठवते की गाड्या मैदानावर थांबवा, फोन आल्यावरच या. आणि कोणी अडकलं तर मी तुझं नाव सांगणार आहे हं."

मैदान तिथून चार मिनिटांवर होतं. तिथे उभं राहायला बंदी नव्हती. साडेबारा वाजता कडुनिंबांच्या सावलीत गाड्यांची रांग लागलेली होती, आणि आई स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती.

बारा पस्तीस झाले. नेहमीचा फोन आला नाही.

"काहीतरी बिघडलं असेल. मी जाते बाई."

"आई, थांब."

"ते खाली येऊन बसले असतील. ऊन बघ केवढं आहे."

"अप्पा अजून बोळा दाबून बसलेत. मोजलंय मी."

आईने किल्लीला लावलेला हात काढला नाही, पण फिरवलाही नाही. समोरून एक गाडी निघून गेली. काही वेळाने दुसरी. पावणेएक झाले. आईच्या ओठावर घाम आला होता. बारा वाजून बावन्न मिनिटांनी फोन वाजला.

चार मिनिटांनी त्या दोघी फाटकापाशी पोचल्या. एका चौकटीत सवयीने लवकर येऊन बसलेली एक गाडी होती. दुसरीत ती करडी गाडी होती आणि आजोबा बायकोला सावकाश, एकेक पाय उचलून आत बसवत होते. त्यांच्या मागे कोणी भोंगा वाजवत नव्हतं. उरलेल्या दोन चौकटी रिकाम्या होत्या. दोन्ही.

आईने गाडी चौकटीत घेतली. हाताच्या सवयीने चारही इंडिकेटर लागले. तसाच सवयीने हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला.

"शरू," ती म्हणाली, "आज तू जा. गाडीत मी आहे."

शर्वरी पळाली. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा परिचर अप्पांची खुर्ची ढकलत बाहेर येतच होता. अप्पांनी टोपी नीट डोक्यावर घातलेली होती, डोळ्यांवर ओढलेली नव्हती. गाडीपाशी आल्यावर कोणी त्यांना घाई केली नाही. त्यांनी आधी सीटवर बूड टेकवलं, मग एक पाय आत घेतला, दम खाल्ला, मग दुसरा. गुडघा कुठेही आपटला नाही.

पिवळ्या आला. आईचे खांदे वर गेले.

"तीन मिनिटं पन्नास सेकंद," तो म्हणाला. "नोंद नाही. या पाळीतली सरासरी पाच मिनिटं."

अर्धी गुणिले पाच, शर्वरीने मनात हिशोब केला. अडीच. चौकटी चार. एखादी गादी जास्तीची.

"सोमवारपासून दुसऱ्या पाळ्यांनाही काटाच फोन लावणार," अप्पा म्हणाले. "सिस्टर म्हणाल्या. तुझी वही ठेवून घेते म्हणत होत्या, मी म्हटलं ती देणार नाही."

पिवळ्या जायचा तो गेला नाही. त्याचा डोळा खिडकीपर्यंत खाली आला. "माझ्या रुळाच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे. जूनमध्ये तिथे दुपारी रोज तीस-चाळीस नोंदी होतात. तिथेही असंच असेल का?"

त्याने आजवर कोणाला काही विचारल्याचं शर्वरीने ऐकलं नव्हतं.

"काय माहीत," ती म्हणाली. "तिथली मुलं किती वेळाने बाहेर येतात, गाड्या किती आधी येतात, ते तू मोजून ठेव. जूनमध्ये मी येते. मग बघू."

"मोजतो," पिवळ्या म्हणाला, आणि रुळावरून निघून गेला. जाताना त्याने कोणालाच गाडी पुढे घ्यायला सांगितलं नाही.

आईने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं. तीन सेकंद, चार सेकंद. मग तिने हात लांब करून इंडिकेटरचं बटण दाबलं आणि टिक-टिक थांबली.